मदत हवी आहे: झोआ कोरल (प्रवाळ) दहा दिवस मिटलेले, पाण्याचे आकडे मात्र ठीक

120 लिटरची खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी, पाच महिने झाले. झोआ, मश्रूम (हेही कोरलच) आणि एक लेदर कोरल. खारेपणा 1.025, तापमान 26, अल्कलिनिटी 8.3 डीकेएच, नायट्रेट 10, फॉस्फेट 0.05. झोआ उघडतच नाहीत, मश्रूम आक्रसलेत. क्लीनर कोळंबी मेली, गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडतात. मासे मजेत. उडून गेलेल्या पाण्याची भर स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याने करतो. लाइट कमी करू का?

उत्तर: लाइटला हात लावू नका. मासे धडधाकट आणि कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळे एकदम आजारी, म्हणजे पहिला संशय तांब्याचा. आरओमध्ये तांब्याचं कार्ट्रिज आहे का?

प्रश्नकर्ता: हो, महिन्यापूर्वी सर्व्हिसिंगला बसवलं. पण कॉपरची टेस्ट किट शून्य दाखवतेय. शिवाय लेदरवर चकचकीत पापुद्रा धरलाय.

उत्तर: त्या शून्यावर विसंबू नका. साध्या किटला कळणार नाही इतकं तांबंही कोळंबीला पुरतं. शिवाय ते दगडात आणि वाळूत मुरतं, मग हळूहळू सुटत राहतं. माणसाला चालतं ते इथे विष ठरतं.

आजच कुप्रिसॉर्ब (तांबं शोषणारे दाणे) जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरच्या प्रवाहात ठेवा. दाणे निळे-हिरवे होऊ लागले की तांबं ओढलं जातंय हे डोळ्यांनीच दिसेल. सोबत 24 लिटर पाणी बदला, तीन दिवसांनी पुन्हा. तेवढ्या पाण्याला साधारण 860 ग्रॅम मीठ लागेल. आदल्या रात्री पंप लावून मिसळा, खारेपणा आणि तापमान जुळवूनच ओता.

आता मूळ दुखणं. घरगुती आरओचा टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर मेम्ब्रेनच्या (क्षार अडवणाऱ्या पडद्याच्या) पाण्यात थोडं त्यातून न गेलेलं पाणी मुद्दाम मिसळतो, चवीसाठी. म्हणून मेम्ब्रेनमधून निघालेल्या नळीलाच टी (फाटा) जोडा, कंट्रोलर आणि तांब्याच्या कार्ट्रिजच्या आधी, आणि तिथून डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून) पाणी घ्या. टीडीएस मीटरवर 0 यायला हवं. 1 दिसू लागलं की रेझिन बदला.

दुसरं उत्तर: लेदरच्या पापुद्र्याची काळजी नको, तो कात टाकतोय. प्रवाह थोडा त्याच्याकडे वळवा, नखाने खरवडू नका. झोआचा दगड मात्र हातमोजे आणि चष्मा घालूनच हलवा, आणि कधीही उकळू नका: काही झोआंत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, त्याची वाफ फुफ्फुसांत गेली तर थेट हॉस्पिटल.

नवीन कोळंबी इतक्यात आणू नका. आधी दोन-तीन गोगलगायी सोडा. दोन आठवडे काचेवर फिरल्या तर पुढचं बघा.