लोबेराला काढलं आणि गोव्याची चार वर्षं पाण्यात गेली, पटतंय का?

मडगाव_मेल:
काल मित्राशी यावरून भांडण झालं म्हणून इथं टाकतोय. एफसी गोवाच्या सगळ्या दुखण्याचं मूळ माझ्या मते एकच, ३१ जानेवारी २०२०. टीम आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) टेबलात टॉपला, लीगच्या तीन मॅच उरलेल्या आणि क्लबने कोच सर्जिओ लोबेराला नारळ दिला! कोरोमिनास, म्हणजे आपला स्ट्रायकर कोरो, याला घेऊन बॉल खेळवत गोल करायची जी सवय त्याने अडीच वर्षांत लावली होती तिच्यावर पुढची दहा वर्षं निघाली असती. पुढे काय झालं तर हुआन फेर्रांदो आला, त्याची घडी बसतेय तोवर डिसेंबर २०२१ मध्ये सीझन चालू असताना एटीके मोहन बागानने उचलून नेला, मग डेरिक परेरा, मग कार्लोस पेन्या. नववा नंबर, मग सातवा. नवीन माणूस येणार, आदल्याचं अर्धं मोडणार, आपलं अर्धं बांधणार आणि जाणार. २०२३ ला मानोलो मार्केझ आला तेव्हा कुठे ४५ पॉइंट आणि तिसरा नंबर दिसला.

अंधेरीचा_आयलँडर:
अजिबात पटत नाय. मुंबई सिटीचं बघ ना. लोबेराने २०२०-२१ ला शिल्ड (लीग टेबलात पहिला नंबर) आणि कप (प्लेऑफची फायनल) दोन्ही दिले आणि गेला. डेस बकिंगहॅम आला, पहिल्या सीझनला पाचवे आलो, आम्ही त्याला काय काय बोललोय ते इथं लिहिता येणार नाही, पुढच्या सीझनला त्याच माणसाने पहिल्या १८ मॅच न हरता शिल्ड आणली. नोव्हेंबर २०२३ ला तोही भर सीझनमध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्ड क्लबला गेला. मग पीटर क्रात्की. एप्रिलमध्ये कोलकात्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानकडून २-१ हरून शिल्ड घालवली आणि ४ मेला त्याच ग्राउंडवर त्याच टीमला ३-१ मारून कप घेऊन आला. तीन कोच आणि तिघांच्याही हाताला काहीतरी लागलंच. मग कोच बदलणं हे कारण कसं काय?

मडगाव_मेल:
लोबेराच्या वेळचं जे "आमचं" म्हणतोयस ते मुळात आमचं होतं. फॉल, जाहू, बूमूस, मंदार. २०२० ला अख्खं बिऱ्हाड फातोर्ड्यावरून, आमच्या घरच्या ग्राउंडवरून, उचलून मुंबईला. तयार स्वयंपाकावर ताट घेऊन बसलात आणि वर चव सांगताय.

अंधेरीचा_आयलँडर:
दार उघडं कोणी ठेवलं पण? आणि पुढचं सोयीने विसरलास. २०२३ ला तेच जाहू आणि फॉल लोबेरामागे ओडिशाला गेले. आम्ही रडत बसलो का? तिरी आणला, व्हॅन निफ आणला, बिपिन, छांगटे होतेच, त्याच सीझनला कप. मालक सिटी ग्रुपचा पैसा होता हे मान्य, ६५ टक्के त्यांचेच होते. पण पैसा सोड, कसला प्लेयर पाहिजे हे कोच यायच्या आधी क्लबला माहीत होतं. तुमच्याकडे ते कोचच्या डायरीत असायचं आणि डायरी घेऊन कोच पसार.

ताळगावचो_काका:
मुलांनो, क्लिफर्डचं नाव कोणीच घेईना म्हणून लिहितो. लोबेरा गेल्यावर त्या उरलेल्या तीन मॅच क्लिफर्ड मिरांडाने सांभाळल्या. हैदराबादला ४-१, मुंबईला ५-२, जमशेदपूरला ५-०. तीन मॅचमध्ये चौदा गोल. शिल्ड त्याच्या हातून आली आणि एशियन चॅम्पियन्स लीगचं तिकीटही. आपल्याच मातीतला माणूस, ड्रेसिंग रूम त्याच्या ओळखीची. खरी चूक झाली असेल तर ती लोबेराला काढण्यात नाही, क्लिफर्डला तिथेच बसवला नाही यात झाली. नंतर २०२३ ला ओडिशाला सुपर कप त्यानेच जिंकून दिला.

मडगाव_मेल:
काका, आदर आहे पण त्या तीन मॅच लोबेराच्या गाडीला न्यूट्रलमध्ये टाकून उतारावरून नेल्यासारख्या होत्या. चढ लागला तो सेमीला. चेन्नईत ४-१ आपटलो, घरी ४-२ जिंकूनही ६-५ ने बाहेर.

ताळगावचो_काका:
बाबा, बचाव लोबेराच्या वेळेलाही असाच गळका होता. पाच हाणायचे आणि चार खायचे, ही सवय कोणी लावली?

बालेवाडी_रिकामी_खुर्ची:
तुम्ही नशीबवान, कोणामुळे बिघडलं यावर भांडायला क्लब तरी आहे. आमच्या पुणे एफसीला याच डेरिक परेराने २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसऱ्या नंबरवर नेलं होतं, आज तो क्लब नाही. मग एफसी पुणे सिटी, २०१९ ला तेही बंद, जागा हैदराबादला गेली. पहिल्या वर्षी हैदराबाद १० पॉइंट घेऊन तळाला. तिथे मानोलो आला, पोरांना खेळवलं आणि मार्च २०२२ ला तुमच्याच फातोर्ड्यावर केरला ब्लास्टर्सला पेनल्टीत हरवून चॅम्पियन. तो २०२३ ला गेला आणि पुढच्या सीझनला पगार थकले, प्लेयर निघून गेले, अख्ख्या लीगमध्ये एक विजय, आठ पॉइंट. म्हणजे एवढ्या मोठ्या कोचचं काम उभं राहायला दोन सीझन लागले आणि कोसळायला एकच. खाली जमीनच नव्हती हो. ओडेई, बोर्हा हे त्याच्या हैदराबादच्या टीमचे प्लेयर, नंतर त्याच्याच गोव्याच्या टीममध्ये. कोच गेला की असे प्लेयर राहतात का हे बघा, लोबेराचं उकरून काय मिळणार.

शाहू_स्टेडियम_गेट_२:
कोल्हापुरात असलं काय नसतंय भावा. पेठेची टीम हरली की कोच राहू दे, सेंटर फॉरवर्डच्या घरी लोक जातात. 😂

अंधेरीचा_आयलँडर:
😂😂 बाकी मानोलोचं म्हणाल तर २४ एप्रिल २०२४ विसरले का गोवेकर? सेमीचा पहिला लेग, आमच्याविरुद्ध ९० व्या मिनिटापर्यंत तुम्ही २-० पुढे.

मडगाव_मेल:
विसरेन कसा, मी होतो स्टँडमध्ये. बोरिसने एक, ब्रँडनने एक. पार्किंगमध्ये अडकायला नको म्हणून आमच्या रांगेतले दोघं ८८ व्या मिनिटाला उठले. छांगटेचा गोल झाला तेव्हा मी म्हटलं असू दे, पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रतापने बरोबरी केली, मग कोणी काही बोलेचना, आणि सहाव्या एक्स्ट्रा मिनिटाला परत छांगटे. ३-२. त्या दोघांना गाडीत बसल्यावर फोनवरून कळलं, त्यांना आधी वाटलं मी चेष्टा करतोय. पण म्हणून मानोलोला काढला नाही ना क्लबने! मुद्दा तोच आहे माझा. ठेवला, पुढच्या वर्षी ४८ पॉइंट, दुसरा नंबर, आणि ३ मे २०२५ ला जमशेदपूरला ३-० मारून सुपर कप. २०२० ला एवढा धीर धरला असता तर...

ताळगावचो_काका:
हे मात्र बरोबर बोललास.

अंधेरीचा_आयलँडर:
धीर धरला हे ठीक, पण त्याच २०२४ च्या उन्हाळ्यात तुमचा ब्रँडन आमच्या मुंबईला आला तेही सांग की सगळ्यांना. 😁

मडगाव_मेल:
गप रे.