‘हॉटस्पॉट’ला मराठीत काय म्हणावं? ‘प्रवण क्षेत्र’ की ‘दाटी’?

विचारणा (रत्नागिरी)
समाजशास्त्राच्या मुलांसाठी मराठीत टिपण करतेय. विषय : शहरात द्वेषातून होणारे गुन्हे कुठं आणि कधी जास्त घडतात. ‘हेट क्राइम’ला ‘द्वेषगुन्हा’ लिहिलंय. ‘हॉटस्पॉट’साठी, म्हणजे असे गुन्हे जिथं एकवटतात त्या ठिकाणासाठी, ‘द्वेषगुन्हेप्रवण क्षेत्र’ लिहिलं, पण मनाला पटेना. काय वापरावं?

चिपळूण
ताई, ‘प्रवण’ आपल्याकडे शाळकरी पोरांनाही कळतं. महामार्गावर अपघातप्रवण, घाटात दरडप्रवण, वाशिष्ठीकाठी पूरप्रवण. शिवाय १९८९च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५चे नियम आहेत, त्यात अत्याचार होण्याची शक्यता असलेले भाग आधीच हेरून ठेवायचं काम सरकारवर टाकलंय. त्यांना ‘अत्याचारप्रवण क्षेत्र’च म्हणतात. रुळलेला शब्द का सोडायचा?

महाड
दादा, कायद्याबद्दल लिहिताना तो राहू दे. एरवी नको. प्रवण म्हणजे मुळात उताराचा, कललेला. दरडीला तो चपखल बसतो. द्वेष जमिनीच्या उतारावरून येत नाही, माणसं तो घेऊन येतात. आणि पाटी मात्र मार खाणाऱ्यांच्या वस्तीला लागते.

आमच्या गावातलंच घ्या. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांबरोबर लोक चवदार तळ्याचं पाणी पिऊन मंडपात परतले. मग आवई उठली, हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव मंडपावर चालून आला. जेवत्या माणसांना मारलं, गावी निघालेल्यांना वाटेत गाठून मारलं. यातलं ‘प्रवण’ काय होतं? अफवेनंतरचे ते काही तास आणि परतीच्या वाटा. ‘क्षेत्र’ म्हटलं की हे सगळं झाकलं जातं.

तसंही ‘क्षेत्र’ फार ऐसपैस. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचा १९८९चा अभ्यास आहे, सगळ्याच गुन्ह्यांचा. पोलिसांना आलेले निम्मे फोन जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरचे निघाले. म्हणजे एखादा तिठा, एखादा एसटी थांबा. अख्खा मोहल्ला किंवा वाडी नव्हे. मी ‘दाटी’ म्हणेन. ती जागेचीही होते, वेळेचीही.

विचारणा (रत्नागिरी)
‘दाटी’ आवडला. वेळेचं उदाहरणही आहे माझ्याकडे : २०१६च्या जूनमधल्या ब्रेक्झिटच्या (युरोपीय संघ सोडायचा का, या) सार्वमतानंतर इंग्लंड-वेल्समध्ये जुलैत नोंदले गेलेले वांशिक-धार्मिक द्वेषाचे गुन्हे आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त होते. ‘सार्वमतानंतरच्या आठवड्यांत द्वेषगुन्ह्यांची दाटी’ असं लिहिते. मग ‘ट्रिगर इव्हेंट’ला, म्हणजे ज्या घटनेनंतर असे गुन्हे उसळतात तिला, ‘कारण’ चालेल?

महाड
‘निमित्त’ लिहा ताई. कारण आधीपासून मनात असतं. आणि ‘नोंदलेल्या गुन्ह्यांची दाटी’ म्हणा. जिथं लोक चौकीची पायरी चढायलाच घाबरतात, तिथला नकाशा कोराच दिसतो.