मदत हवी आहे: तापवण्याच्या प्लेटसाठी स्वस्त डिजिटल तापमान नियंत्रक कोणता घ्यावा?

नमस्कार. मी परभणीत राहतो व छंद म्हणून सर्किट बोर्ड दुरुस्त करतो. बोर्ड खालून तापवण्यासाठी 230 व्होल्ट, 400 वॉटची ॲल्युमिनियम प्लेट तयार केली असून तिचे तापमान 150 ते 180 अंश सेल्सिअस ठेवायचे आहे.

डब्ल्यू 1209 मॉड्यूल सर्वांत स्वस्त, पण त्याची मर्यादा 110 अंश. म्हणून के-टाइप थर्मोकपलवर (जास्त तापमान मोजणाऱ्या संवेदकावर) चालणारा रेक्स सी 100 नियंत्रक घ्यावा असे वाटते. खरी अडचण पुढेच आहे. त्याच्या एका प्रकारात आतील रिले (विजेने चालणारा स्विच) असतो, तर दुसरा बाहेर जोडलेल्या सॉलिड स्टेट रिलेला (हलते संपर्क नसलेल्या इलेक्ट्रॉनिक स्विचला) डीसी संकेत देतो. पीआयडी पद्धतीत (तापमानातील फरकानुसार वीज कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रणात) सतत चालू-बंद होऊन साध्या रिलेचे संपर्क लवकर झिजतात, त्यामुळे माझा कल दुसऱ्याकडे आहे. परंतु सॉलिड स्टेट रिले बिघडल्यास बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतो, आणि घरात लहान मुले असल्याने मला याची फार काळजी वाटते.

पावणेदोन अँपिअरच्या या भारासाठी किती क्षमतेचा सॉलिड स्टेट रिले घ्यावा, आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लागेल का आणि प्लेटला किती अंशांचा थर्मल फ्यूज (ठरावीक तापमानाला वीज तोडणारा फ्यूज) जोडावा, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात खात्रीचा माल मिळत असल्यास तेही कळवावे.