ॲपल टू प्लस: पांढरी रेघ हिरवी-जांभळी का दिसते?

प्रश्न: न्यूजर्सीत एका गराज सेलमध्ये ॲपल टू प्लस हा जुना संगणक मिळाला. झाकण मागून वर खेचलं की निघतं. आत आठ स्लॉट, सहाव्यात फ्लॉपीचं कार्ड. बायको म्हणाली, "आणलंत आणखी एक डबडं!" पण चालतो झकास. फक्त जुन्या रंगीत टीव्हीवर उभी पांढरी रेघ कधी हिरवी येते, कधी जांभळी. चिप गेली का?

प्रतिसाद: काही गेलेलं नाही, ही या संगणकाचा रचनाकार वोझ्नियाकची करामत. हाय-रेझमधले (चित्रं काढायच्या बारीक ठिपक्यांच्या मोडमधले) ठिपके एनटीएससीच्या, म्हणजे अमेरिकन रंगीत टीव्ही पद्धतीच्या, ३.५८ मेगाहर्ट्झ रंगलहरीच्या दुप्पट वेगाने जातात. सम रकान्यातला एकटा ठिपका टीव्हीला जांभळा वाटतो, विषम रकान्यातला हिरवा. दोघे शेजारी आले की पांढरा. रेघ दोन ठिपके जाड काढून बघा.

दुसरा प्रतिसाद: नुसतं टायपिंग करायचं असेल तर मोनोक्रोम (एकरंगी) मॉनिटरच बरा, अक्षरं रेखीव दिसतात. आणि वीज बंद केल्याशिवाय कार्डाला हात लावू नका!

प्रश्नकर्ता: रकाना १०० वर रेघ जांभळी, १०१ वर हिरवी, दोन्ही मिळून पांढरीशुभ्र! बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "ईमेल येतो का यात?"