मदत हवी आहे: मागच्या अंगणात बसण्यासारखी जागा करायची आहे (नाशिक)

शेवंती_पाथर्डी
नमस्कार. पाथर्डी फाट्याजवळ आमचं स्वतःचं रो हाऊस आहे. मागे चांगली मोकळी जागा आहे, पण तिथे कुणी बसतच नाही. दोन खुर्च्या आणि एक मोठी छत्री आणून ठेवली, तरी संध्याकाळी चहा घेऊन गेलं की पाच मिनिटांत सगळे परत आत. फरशीवाला सोमवारपासून येतो म्हणालाय, व्हिट्रिफाइड टाइल्स पसंत करून ठेवल्यात. मला एवढंच सांगा: बसायला केन, लोखंडी की लाकडी? दिवे कुठले? आणि पटकन वाढणारी झाडं कुठली? रविवारच्या आत ठरवायचंय, तेव्हा लवकर सांगा प्लीज.

मुरूमखडी
ताई, जागा किती बाय किती? घराच्या कुठल्या बाजूला? माती काळी की मुरमाड? पावसाचं पाणी कुठून बाहेर पडतं? ड्रेनेजचं चेंबर तिथेच आहे का? एवढं कळल्याशिवाय टाइल्सबद्दल काही बोलता येणार नाही.

हिरवळप्रेमी
टाइल्स अजिबात घालू नका, लॉन करा. आमच्याकडे सिलेक्शन वन जातीचं गवत आहे, सकाळी अनवाणी चालताना जे वाटतं ते कुठल्याच फरशीवर नाही. आणि गवत तापत नाही, हा मोठा फायदा.

शेवंती_पाथर्डी
लॉन नको, पाणी एकदाच येतं आमच्याकडे. जागा साधारण १५ बाय २८. बाकीचं विचारलंय त्याचा खुर्च्यांशी काय संबंध ते कळलं नाही. टाइल्स ठरल्यात, त्यावर चर्चा नको.

गच्चीवरची_बाग
गच्चीवर करत असाल तर आधी वॉटरप्रूफिंग नक्की तपासा. कुंड्या थेट स्लॅबवर ठेवू नका, खाली विटा किंवा स्टँड द्या. मातीऐवजी कोकोपीट आणि कंपोस्ट वापरलं की वजन बरंच कमी होतं. घरातला ओला कचरा घंटागाडीत न देता दोन ड्रम ठेवून त्याचंच खत करा, मी सगळं सविस्तर लिहू शकते.

सातपूरकर
त्यांची जागा जमिनीवर आहे हो, मागच्या अंगणात.

शेवंतीताई, पाच मिनिटांत सगळे आत येतात असं लिहिलंय. का येतात? ऊन, डास, शेजाऱ्यांची खिडकी, की तापलेली भिंत? उत्तर त्यातच आहे, खुर्ची कितीही चांगली आणली तरी ते कारण तिथेच राहणार.

शेवंती_पाथर्डी
ऊन. छत्री उघडली तरी तोंडावरच येतं. आणि ऊन गेल्यावर बसावं तर डास. सूर्य मागच्या कंपाउंडच्या पलीकडे मावळतो, म्हणजे पश्चिमच असेल.

सातपूरकर
मग छत्रीचा दोष नाही. नाशिकला मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो, तेव्हा छत्री कामाची. पण तुम्ही बसता संध्याकाळी. मे महिन्यात साडेपाचला तो क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर असतो, म्हणजे ऊन समोरून आडवं येतं आणि छत्रीखालून सरळ आत शिरतं. शिवाय उन्हाळ्यात मावळतो तोही नेमका पश्चिमेला नाही, वायव्येकडे सरकून. छप्पर, पर्गोला, काहीही केलंत तरी पश्चिमेकडे उभा आडोसा लागणारच. आठ फूट उंचीचा असेल तर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर त्या वेळी दहा फुटांपर्यंत सावली येते. भिंत बांधू नका, तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता सोडत राहते. जाळीवर वेल चढवा. वेल भरेपर्यंत हिरवी शेडनेट उभी ताणून लावली तर याच उन्हाळ्यात फरक पडेल.

निफाडकर
आडोशासाठी नवीन लोखंड विकत घेऊ नका. आपल्या जिल्ह्यात बाग काढली की द्राक्षमांडवाचे जुने अँगल आणि तारा विक्रीला निघतात. पिंपळगाव, ओझर, दिंडोरी, कुठेही विचारा. घासून रेड ऑक्साइड मारला की वर्षानुवर्षं हलत नाहीत. आणि त्यावर वेल कुठला, तर द्राक्षाचाच. नाशिकच्या घरामागे द्राक्षाचा मांडव नसेल तर कुठे असणार?

सातपूरकर
अँगलची कल्पना उत्तम, वेलाची नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी केली की मांडव उघडा पडतो, म्हणजे सावली हवी तेव्हाच ती गेली. वर डावणी आणि भुरी या वेलाच्या रोगांसाठी फवारण्या. जिथे चहा प्यायचा तिथे फवारा कोण मारणार?

निफाडकर
घरच्या दोन वेलांना एक्स्पोर्टच्या बागेसारखं वेळापत्रक लागत नाही. छाटणी मागेपुढे करता येते. पानांची सावली किती गार असते ते बागेत काम करणाऱ्याला विचारा.

सातपूरकर
गार असते, मान्य. पण छाटणी लांबवली की वेल नुसता वाढतो आणि पावसाळ्यात डावणीनं पानं झडतात. त्यांना फळ नकोय, सावली हवी आहे. मधुमालती लावा, दाट होते आणि संध्याकाळी वास सुटतो. सोबत एखादी संक्रांत वेल, थंडीत केशरी फुलांनी भरते.

हिरवळप्रेमी
मधुमालतीत पाखरं आणि किडे फार येतात. माझ्या मते कृष्णकमळ.

मुरूमखडी
वेलांचं नंतर ठरेल. ताई, माझ्या प्रश्नांची उत्तरं राहिलीत. माती? पाणी?

शेवंती_पाथर्डी
माती काळी आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात मागे तळं होतं, गेल्या पावसाळ्यात पाणी स्वयंपाकघराच्या दाराच्या पायरीपर्यंत आलं होतं. चेंबर कोपऱ्यात आहे. टाइल्स लावल्या की हा प्रश्न सुटेल असं फरशीवाला म्हणतो. आणि हो, सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते काठी घेऊन चालतात. खरं तर त्यांनाच संध्याकाळी बाहेर बसता यावं म्हणून हे सगळं करायचंय.

मुरूमखडी
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. सोमवारचं काम थांबवा, अगदी कळकळीनं सांगतोय.

काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. तिच्यावर थेट सिमेंट मारून टाइल बसवली तर एकदोन पावसाळ्यांत सांधे उघडतात आणि टाइल पोकळ वाजायला लागते. साइटवर हे नेहमीचं आहे. बसण्याच्या भागातली काळी माती दीड फूट काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात भरा, प्रत्येक थराला पाणी मारून धुमसानं कुटा, मग वर फरशी. खोदाई घराच्या पायाला खेटून करू नका, थोडं अंतर ठेवा. निघालेली माती फेकू नका, शेणखत आणि वाळू मिसळून कंपाउंडच्या कडेनं वाफे होतील.

आता पाणी. १५ बाय २८ वर एक इंच पाऊस पडला तर जवळजवळ हजार लिटर पाणी होतं. गच्चीचा पाइप मागेच सोडला असेल तर त्याचं वेगळं. टाइलखाली ते नाहीसं होत नाही, उलट जमिनीत मुरायचं तेही थांबतं. घराकडून कंपाउंडकडे दर दहा फुटांना दीड ते दोन इंच उतार द्या, कडेला जाळीची नाली करा आणि ती पावसाळी गटाराला जोडा. ड्रेनेजच्या चेंबरला जोडू नका, मोठ्या पावसात घाण उलटी येते. चेंबरचं झाकण फरशीखाली गाडू नका.

आणि काठीवाल्या माणसासाठी गुळगुळीत व्हिट्रिफाइड तर नकोच. शहाबादी घ्या, पॉलिश न केलेली.

सातपूरकर
शहाबादीला सतत ओल मिळाली की पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा पेव्हर ब्लॉक. खालची जमीन थोडी हलली तरी तेवढेच ब्लॉक उचलून परत बसवता येतात.

मुरूमखडी
उतार नीट असेल तर ओल राहतेच कशाला? आणि पेव्हरच्या सांध्यांत काठीचं टोक अडकतं. मुलांसाठी ठीक, इथे नाही.

जुना_गंगापूर_रोड
सासऱ्यांचं वाचून लिहितोय. माझ्या आईचेही गुडघे झालेत. केनच्या खोल खुर्चीत तिला बसता येतं, पण उठता येत नाही. बैठक १९-२० इंच उंच आणि दोन्ही बाजूंना मजबूत हात असलेली लाकडी खुर्ची घ्या. झोपाळा घेऊ नका, उठताना तो मागे सरकतो. दारातून जागेपर्यंत एकही पायरी ठेवू नका, लागलीच तर बाजूला पाइपचा कठडा. जमिनीलगत पिवळसर प्रकाशाचे दिवे लावा, पांढऱ्यावर किडे जास्त येतात. बाहेरच्या वायरिंगला आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) असलाच पाहिजे.

डासांसाठी कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करायची. आणि बसल्यावर टेबल फॅन लावा, वाऱ्यात डास टिकत नाही.

गच्चीवरची_बाग
गवती चहा आणि तुळस लावली तर डास येत नाहीत. सापांसाठी सर्पगंधा.

जुना_गंगापूर_रोड
नुसतं झाड लावून डासही जात नाही आणि सापही. विटांचे, लाकडांचे ढीग हलवा, गवत कापलेलं ठेवा, उंदीर होऊ देऊ नका. वयस्कर माणूस तिथे बसणार आहे, म्हणून स्पष्ट लिहिलं.

निफाडकर
मागच्या मार्जिनमध्ये, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, पक्कं छप्पर टाकणार असाल तर आधी महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. मांडव बरा पडतो तो त्यासाठीही.

शेवंती_पाथर्डी
फरशीवाल्याला आत्ताच फोन करून थांबवलं. टाइल्सचा ॲडव्हान्स दिलेला नाही, ते बरं झालं. उद्या शेडनेट उभी लावून बघते. सासऱ्यांना स्वयंपाकघराच्या दाराजवळचीच जागा आवडते, त्यामुळे बसण्यापुरतं १५ बाय १२ करायचं, बाकी माती आणि झाडं. गच्चीचा पाइप मागेच पडतो, तो आधी वळवते. मुरूम किती मागवू? आणि पावसाआधी होईल का?

मुरूमखडी
तेवढ्या जागेत एक फूट दाबलेला मुरूम म्हणजे १८० घनफूट, म्हणजे १.८ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). कुटल्यावर बसतो, तेव्हा अडीच ब्रास सांगा. उरलेल्या सहा इंचांत खडीचा थर, काँक्रीट आणि फरशी. आत्ता लागलात तर पावसाआधी होईल, पण मुरूम कुटून झाल्याशिवाय फरशी आणू नका. मागे ट्रॅक्टर जातो का, की घरातून घमेल्यांनी वाहावा लागेल?