फुटबॉल मॅनेजर २४: खेळाडूंच्या बाजारभावाची नोंद वर्षानुवर्षं कशी ठेवावी?

कोपरा_किक:
क्लबचा मॅनेजर बनून खेळायच्या या गेममधल्या लांब चालणाऱ्या सेव्हसाठी (जतन करत पुढे खेळायचा डाव) सल्ला हवाय. संघातले आणि शॉर्टलिस्टमधले (नजर ठेवलेले) मिळून साधारण ६० खेळाडू आहेत. दर हंगामात त्यांची किंमत कशी चढते-उतरते त्याचा आलेख काढायचाय. आकडे हाताने भरत बसायचं नाही. डेटा बाहेर कसा काढायचा आणि किती वेळा?

डावा_बॅक:
स्क्वॉडच्या पानावर स्वतःचा व्ह्यू (स्तंभांची मांडणी) बनवा: युनिक आयडी, नाव, वय, क्लब, करार संपण्याची तारीख, पगार, ट्रान्सफर व्हॅल्यू. तो सेव्ह करा आणि नंतर स्तंभांचा क्रम हलवू नका. कंट्रोल-ए, मग कंट्रोल-पी, मग ‘वेब पेज’. शॉर्टलिस्टसाठीही हेच. फाइलला खेळातल्या तारखेचं नाव द्या (२०३१-०७-०१), म्हणजे क्रम आपोआप लागतो. फाइल एक्सेलमध्ये उघडून मुख्य शीटमध्ये आधीच्या ओळींखाली चिकटवा आणि पहिल्या स्तंभात तारीख भरा. दर तारखेला उजवीकडे नवा स्तंभ जोडत गेलात तर पिव्होट टेबल करताना रडाल.

आयडी सोडू नका. न्यूजेनांची (गेमने तयार केलेल्या नव्या खेळाडूंची) नावं सर्रास जुळतात, मग दोघांचे आकडे एकाच रेषेत घुसतात.

ऑफसाइड_ट्रॅप:
खरी डोकेदुखी किमतीच्या स्तंभात आहे. तिथे ‘€१२M - €१५M’ असा पट्टा येतो आणि एक्सेलला तो मजकूर वाटतो. मधल्या रेघेवर तोडून किमान आणि कमाल असे दोन स्तंभ करा, चलनाचं चिन्ह काढा, मिलियनला १०,००,००० ने आणि ‘के’ला १,००० ने गुणा. ‘नॉट फॉर सेल’ असेल तिथे कोरं ठेवा. शून्य भरलंत तर आलेख थेट तळाला जातो.

शॉर्टलिस्टमधल्या खेळाडूचं स्काउटिंग वाढलं की पट्टा अरुंद होतो. तेवढ्याने मधला आकडाही सरकतो, पण बाजारात काहीच घडलेलं नसतं. म्हणून सरासरीवर भागवू नका, किमान-कमाल दोन्ही जपा.

कोपरा_किक:
जुन्या सेव्हमधून काढून पाहिलं. एका २३ वर्षांच्या विंगरची किंमत फॉर्म उत्तम असताना जवळजवळ निम्म्यावर आली. का?

डावा_बॅक:
कराराची तारीख बघा. वर्षाच्या आत आला असेल तर हेच होतं, कारण शेवटच्या ६ महिन्यांत परदेशी क्लब त्याच्याशी फुकटात बोलणी करू शकतात. नवा करार झाला की आकडा परत उडी मारतो. तो खेळाडू म्हणून सुधारला असं समजू नका. करारातले उरलेले महिने वेगळ्या स्तंभात काढा आणि १२ च्या खालच्या नोंदींना वेगळा रंग द्या. छोट्या क्लबातून मोठ्या क्लबात गेल्यावरही अशीच उडी दिसते, क्लबचा स्तंभ त्यासाठीच.

ऑफसाइड_ट्रॅप:
किती वेळा, याचं उत्तर राहिलं. माझ्या मते दोन्ही ट्रान्सफर विंडो (खरेदी-विक्रीचे काळ) उघडण्याच्या आदल्या दिवशी आणि बंद झाल्यावर, म्हणजे वर्षाला ४ वेळा.

डावा_बॅक:
२१ च्या आतल्यांना ४ कमी पडतात. एखादा पोरगा पहिल्या संघात बसला की दोन महिन्यांत भाव पालटतो. त्यांच्यासाठी दर महिन्याच्या १ तारखेला काढा.

आणि सेव्ह मध्यावर असताना प्रेफरन्सेसमधलं चलन बदलू नका, जुने-नवे आकडे एकमेकांत मिसळतात. प्रत्येक विंडोआधी वेगळ्या नावाने सेव्ह ठेवा. एखादी तारीख हुकली तरी ती सेव्ह उघडून कंट्रोल-पी मारता येतं.