राजापूरच्या सड्यालगतचा सहा ठिपक्यांचा टायगर बीटल: ओळख आणि अधिवास याबाबत मदत हवी आहे

राजापूर तालुक्यातील आमच्या सड्याच्या (जांभ्या कातळाच्या पठाराच्या) उतारावर, जिथे कातळ संपून भातखाचरे सुरू होतात तिथे, पावसाने उघडीप दिली की बांधावरच्या उघड्या मातीत एक टायगर बीटल (जमिनीवर धावून शिकार करणारा भुंगेरा) धावताना दिसतो. त्याची जात निश्चित करायला जाणकारांची मदत हवी आहे.

लांबी साधारण दीड सेंटिमीटर आहे. पाठीवरची कठीण पंखझाकणे मखमली काळी असून प्रत्येकावर तीन पिवळसर ठिपके आहेत; डोके व छातीचा भाग तांबूस हिरवा चमकतो. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७७५ मध्ये वर्णन केलेला, भातशेतीत आढळणारा कॅलोक्रोआ सेक्सपंक्टाटा हाच असावा, असा माझा अंदाज आहे. परंतु कॅलोक्रोआ याच प्रजातीत (जीनसमध्ये) पिवळ्या ठिपक्यांच्या आणखीही जाती असल्यामुळे केवळ ठिपके मोजून नाव ठरवणे मला योग्य वाटत नाही. कीटक न पकडता, केवळ छायाचित्रांवरून ओळख पटवायची तर ठिपक्यांची मांडणी, वरच्या ओठाचा रंग की आणखी काही पाहावे?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच बांधावर, गवत नसलेल्या घट्ट मातीत, पेन्सिल जाईल एवढी गोल, गुळगुळीत काठाची, सरळ खाली उतरणारी बिळे आहेत. दुरून जमीन सपाट दिसते आणि पाऊल जवळ पडले की भोके उघडतात. टायगर बीटलची अळी आपल्या चपट्या डोक्याने बिळाचे तोंड बंद करून भक्ष्याची वाट पाहते आणि चाहूल लागताच खाली सरकते. पाठीवरच्या कुबडाला असलेल्या आकड्यांनी ती भिंत धरून ठेवते, त्यामुळे धडपडणारे भक्ष्यही तिला सहजासहजी बाहेर ओढू शकत नाही. म्हणून ही बिळे टायगर बीटलचीच असावीत. ती याच जातीची आहेत का, हे न खणता ठरवता येईल का?

हे तातडीने विचारण्याचे कारण असे की, भातकापणीनंतर या पट्ट्यात भर घालून काजूची कलमे लावण्याचा घरच्यांचा विचार आहे. अळ्या त्याच बिळात वाढत असल्याने भर पडल्यास त्या गाडल्या जातील, अशी मला भीती वाटते. घरचे थोडी जागा सोडायला तयार आहेत. मात्र बिळांभोवती किती रुंद पट्टा मोकळा ठेवावा, आणि गुरांच्या जाण्यायेण्यामुळे तिथे गवत माजत नाही, तेव्हा त्यांची वाट तशीच राहू द्यावी का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. बिळांची व कीटकाची मोजपट्टीसह छायाचित्रे माझ्याकडे आहेत. आणखी कोणत्या बाजूने काढलेली हवी असल्यास सांगावे.